चाक काढ गं, जीपबाई!

एक होती उंदरी. बोटाएवढी. नाव तिचं ठिणगी.
गाड्यांच्या तपासणीचं मैदान होतं. तिथे तिचं बीळ. बिळात तिचं बाळ.

ठिणगी गेली शेंगदाणा आणायला. परत आली, तर काय? बिळाच्या तोंडावर जीपचं चाक!
आत बाळ रडतंय, "चीं चीं चीं! आई, भूक!"

ठिणगीचं डोकंच फिरलं. शेंगदाणा ठेवला खाली. शेपटी आपटली. सट् सट्!
"जीपबाई, जीपबाई, चाक काढ!"
"मला नवं इंजिन बसवलंय. पण तपासणीचे साहेब शिक्का देईनात. शिक्का नाही, तर मी हलणार नाही!"

ठिणगी निघाली. तुरुतुरु, तणतण!
"साहेब, साहेब, शिक्का द्या!
शिक्का मिळेना, जीप हलेना,
जीप हलेना, बाळ जेवेना!"
"नव्या इंजिनाचा नंबर कुठाय? मिस्त्रीने कागदावर घेतलेला ठसा हवा. ठसा नाही, तर शिक्का नाही!"

ठिणगी लालेलाल झाली. तुरुतुरु, तणतण!
"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, ठसा घ्या!
ठसा उठेना, शिक्का मिळेना,
शिक्का मिळेना, जीप हलेना,
जीप हलेना, बाळ जेवेना!"
"नंबरावर कागद ठेवायचा, वर पेन्सिल घासायची, की उठला ठसा! पण नंबरावर ग्रीस आहे ना. ग्रीस निघालं नाही, तर ठसा नाही!"

आता ठिणगीच्या मिशाही थरथरल्या. तुरुतुरु, तणतण!
"फडक्या, फडक्या, ग्रीस पूस!
ग्रीस निघेना, ठसा उठेना,
ठसा उठेना, शिक्का मिळेना,
शिक्का मिळेना, जीप हलेना,
जीप हलेना, बाळ जेवेना!"

फडकं लोळत म्हणालं, "कोपरा अरुंद. कागद-पेन्सिल जाते, पण मामाचा हात शिरत नाही. कुणी ओढलं नाही, तर मी जाणार नाही!"

"कुणी? कुणी म्हणजे कोण?" ठिणगी कडाडली. "जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो! आणि माझं बाळ उपाशी!"
तिने फडकं दातात धरलं. कचकन! नेलं ओढत इंजिनाच्या कोपऱ्यात. सर्र सर्र!

ग्रीस निघालं.
मामाने पेन्सिल घासली. खर्र खर्र! ठसा उठला.
साहेबांनी शिक्का मारला. ठाप!
जीप हलली. घर्र घर्र!
बीळ उघडलं.

बाळ बाहेर आलं. आईला बघून दचकलं. "आई, तू काळी कशी?"
"गप्प! आधी शेंगदाणा खा!" ठिणगी म्हणाली. आणि त्याला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी बिळापाशी एक टेम्पो आला.
ठिणगीने नुसती शेपटी आपटली. सट्!
टेम्पो मागे सरकला. मागे, मागे, मागे... पार फाटकाबाहेर गेला!