सुंद्राबाईची फुगडी

फार फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात सुंद्राबाई नावाची बाई राहत होती. तिने चाळिशी ओलांडली, मुलाचं लग्न झालं आणि मंजुळा नावाची गुणी सून घरात आली. मंजुळा फार मायेची. सासूने घागर उचलली की ती हातातून काढून घेई. सासू जात्याशी बसली की तिला उठवून झोपाळ्यावर बसवी. अशी सून मिळायला पुण्य लागतं, असं गावातल्या बायका म्हणत, आणि सुंद्राबाईलाही ते पटे. ती झोपाळ्यावर बसे, तिथेच खाई आणि तिथेच डुलक्या घेई.

काही वर्षं अशी सुखात गेली. मग तिला सारखी तहान लागू लागली. देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि ते म्हणाले, "तुझ्या अक्काला झाला तोच मधुमेह तुझ्या उंबरठ्याशी आलाय. अजून आत शिरलेला नाही. ताटातलं थोडं कमी कर आणि अंग हलव. बसून राहिलेल्या माणसाला माझी मुळी लागू पडत नाही."

घरी येऊन तिने घागर उचलली, तर मंजुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक मला काय म्हणतील, असं ती म्हणाली. शेजारणीही हसल्या, या वयात हे काय नवीन म्हणून. घागर पुन्हा सुनेच्या कमरेवर गेली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सुंद्राबाई आपल्या थोरल्या बहिणीला, अक्काला, भेटायला गेली. एके काळी अक्कासारखी फुगडी पंचक्रोशीत कोणी घालत नसे. आता ती खाटेवरच असे. मधुमेहाने पाय इतके बधिर झाले होते की निखाऱ्यावर पडले तरी तिला कळत नसे. वैद्यबुवांचं बोलणं सांगता सांगता सुंद्राबाईला रडू फुटलं. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "तुझ्या पायांना जमीन कळते का गं?"

"कळते."

"मग बसलीस कशाला?"

सुंद्राबाईने डोळे पुसले आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी पारासमोर पोरीबाळींचा झिम्मा रंगला. मोठ्या बायका रीतीप्रमाणे भिंतीला टेकून बघत होत्या. सुंद्राबाई एकाएकी उठली. पदर खोचून तिने गावातच राहणाऱ्या मंजुळाच्या आईपुढे फुगडीसाठी हात धरले. "चला विहीणबाई." विहीण लाजली, पण मान राखायला उठली.

दोन गिरक्या झाल्या आणि दोघी धपकन जमिनीवर बसल्या. मंजुळा घाबरून धावत आली, तर दोघी पोट धरून हसत होत्या. "उचलू नकोस पोरी," सुंद्राबाई म्हणाली. "आमच्या आम्ही उठतो." आणि त्या खरंच उठल्या.

दुसऱ्या दिवशी दोघींचं अंग ठणकत होतं. तरी त्या सावकाश नदीपर्यंत गेल्या. मला जपायचं असेल तर माझं थोडं काम मला राहू दे, असं सुंद्राबाईने सुनेला समजावलं. तेव्हापासून सासू-सून दोघी मिळून पाण्याला जाऊ लागल्या. संध्याकाळी पारासमोर फुगडी घालायला आणखी बायका येऊ लागल्या. त्यांना हसणाऱ्या नवऱ्यांचीही पोटं सुटलीच होती. बायकांनी त्यांना घराबाहेर काढलं, तेव्हा त्यांनी पलीकडच्या माळावर आट्यापाट्या मांडल्या. सुरुवातीला ते खेळत कमी आणि भांडत जास्त. अक्काला बैलगाडीतून आणू लागले. ती गाडीत बसून फुगडीची गाणी म्हणे, आणि तिचा आवाज नदीपार ऐकू जाई.

हळूहळू सुंद्राबाईची तहान ओसरली, धाप गेली. वैद्यबुवा नाडी पाहून हसले आणि त्यांनी मुळीची पुरचुंडी परत झोळीत टाकली. पुढे केस पांढरे झाल्यावरही सुंद्राबाई नातीच्या वरातीत वेशीपर्यंत पायी गेली, आणि तिच्या जोडीला विहीणबाईही होत्या.

तात्पर्य : पाय धड आहेत तोवर त्यांना चालवावं; फार जपून ठेवलेलं शरीर लवकर गंजतं.