ताजी धूळ

"पण ती धूळ जुनी की ताजी?" सोमगिरी बुवांनी विचारलं.

टेंबे हसले. वेधशाळेतली नोकरी सोडून ते घाटमाथ्यावरच्या या मठात दीक्षेला आलेले. डोकं कालच भादरलेलं. मी मठाला लाकूड पुरवतो. त्या सकाळी चहाला थांबलो, म्हणून हे कानावर पडलं.

"ताजी, बुवा. तारा जन्मतो तेव्हा धूळ असतेच. पण मध्यम वयात ती उरायला नको. काही त्याचा प्रकाशच उडवून लावतो, काही त्याच्यातच जाऊन पडते. तरी सूर्यासारख्या पाचांतल्या एकाभोवती धुळीचं कडं सापडतं."

"आणि बाकीचे चार स्वच्छ?"

"तसं नाही म्हणता येत. त्यांची विरळ असेल, आम्हाला दिसत नाही. आपल्या सूर्याचंही तेच."

"मग ताजी येते कुठून?"

"मोठाले दगड, बुवा. लांब अंधारात एकमेकांवर आपटत असतात. ते दिसत नाहीत. धूळ दिसते."

"हं... चल, कापड बघू."

मठाची रीत अशी, की दीक्षेआधी शिष्यानं आपली खोली झाडून मधोमध पांढरं कापड अंथरायचं. सकाळी ते कोरं निघालं तर भगवी वस्त्रं. नाहीतर वर्षभर थांबायचं. टेंब्यांनी खिडकीच्या फटींतसुद्धा कापूस कोंबला होता. पहाटे अंधारातच ते स्नानाला गेले, कापड बघायचं राहिलं होतं.

टेंब्यांनी तोऱ्यात दार उघडलं...

कापडावर पिवळट पुडीची ढिगुळी.

"दार बंद होतं, बुवा! कोपरा न् कोपरा झाडलाय मी."

"म्हणजे ताजी."

मी ओळखली ती पूड. एका गिऱ्हाइकाला पूर्वी अशीच दाखवली, तर म्हणाला, "शेठ, झाडून घेतो की!" पावसाळ्यात त्याची माडी खाली आली. मी तोंड उघडणार, तोच बुवांनी नजरेनं गप्प केलं.

त्यांनी काठीनं वरच्या तुळईला टोला दिला. भसकन पूड टेंब्यांच्या गुळगुळीत डोक्यावर.

आणि तुळईच्या आतून, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचं कर्र... कर्र...

टेंबे भिंतीला टेकले. "महिनाभर मी याच्याखाली..."

"झाडत होतास."

"रोज. रोज वाटायचं, आज झालं स्वच्छ." त्यांना वर बघवत नव्हतं. "म्हणजे... वस्त्रं नाहीत?"

बुवांनी कापड उचललं. न झटकता, पुडीसकट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"गेरूत बुडवून आण. हेच नेस."

मला राहवलं नाही. "बुवा, नवी तुळई उद्याच पाठवतो."

"पाठवा, शेठ. तिलाही कीड लागेल."

टेंबे हलेनात. घडी छातीशी धरून म्हणाले, "बुवा, ही खोली आधी तुमची होती ना?"

"वीसेक वर्षं."

"मग... झोप कशी लागायची?"

कर्र... कर्र...

"झोपलो कधी?"