घाटावरची सुरणाची भाजी

मुलांनो, सायाळ तुम्ही निदान चित्रात तरी पाहिली असेल. पाठीवर लांबलचक काटे, नाक बसकं, चाल डुलत डुलत. अशीच एक सायाळ घाटाखालच्या दाट जंगलात आपल्या म्हाताऱ्या सासूबरोबर राहत असे. दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. आता सायाळ चूल कशी पेटवते, असं मला विचारू नका. माझ्या गोष्टीतल्या सायाळी पेटवतात आणि त्यावर रांधतातसुद्धा. त्यांच्या सुरणाच्या भाजीचा वास सुटला की रानडुकरंही वाट वाकडी करून बिळापाशी रेंगाळत. सुरणाच्या फोडी, हिरवी मिरची, दोन-चार आमसुलं आणि वरून माडाखाली पडलेल्या नारळाचं मूठभर ओलं खोबरं. बस, एवढंच.

ही भाजी सासूनं सुनेला कधी तोंडानं सांगितली नव्हती. त्या घरची रीतच तशी होती. नव्या सुनेनं चुलीपाशी बसायचं, सासूचा हात बघायचा, आणि हे का घालता, ते का घालता, असं विचारायचं नाही. विचारणं म्हणजे सासूची परीक्षा घेणं, असं तिथं मानत. सायाळीनंही मुकाट्यानं सासूचा हात पाहिला आणि तसाच आपला हात चालवला. इतकी वर्षं तिची भाजी कधी बिघडली नाही, म्हणून तिला कधी प्रश्नही पडला नाही.

मग एका पावसाळ्यात दरड कोसळली. बीळ गेलं, सुरणाचं बन गेलं, ज्यांच्या फळांची आमसुलं होतात ती रातांब्याची झाडं मातीखाली गाडली गेली. म्हातारीला पुढे घालून सायाळ घाट चढली आणि वरच्या माळावरच्या जंगलात तिनं नवं बीळ खोदलं. बीळ चांगलं होतं, कोरडं होतं. पण म्हातारीचं मन काही तिथं लागेना. तिथली कंदमुळं तिला लाकडासारखी लागत, पाणी जड लागे. दोन घास खाल्लेसे करी आणि पान बाजूला सारी. पाठीवरचे काटे गळायला लागले, चालताना तिचा तोल जाऊ लागला. म्हातारी अशीच न खाता राहिली, तर पुढचा पावसाळा काही बघायची नाही, हे सायाळीला स्पष्ट दिसत होतं.

काय खावंसं वाटतं, असं तिनं एकदा जवळ बसून विचारलं. म्हातारी म्हणाली, "आपल्याकडची सुरणाची भाजी कर गं. तेवढी खाईन मी."

सायाळीला हुरूप आला. ओढ्याकाठी उकरून उकरून तिनं एक चांगला टपोरा सुरण काढलासुद्धा. पण आमसुलं कुठली आणायची? घाटावर रातांबा नाही, माड तर नाहीच नाही. ज्याला त्याला विचारत ती जंगलभर फिरली. शेवटी वाटेत एक कोल्हा भेटला. कोल्ह्याला दुसऱ्याच्या स्वयंपाकात भारी रस, कारण स्वतःच्या घरी त्याची चूल कधी पेटतच नसे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसून मान हलवली.

"वहिनी, एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "नाही मिळत तर नका घालू. शिजलं की सगळं सारखंच. आणि जेवायला मला बोलवायला विसरू नका."

सायाळीला ते पटलं. बिचारीला पटवून घ्यायचंच होतं, कारण पाय दमले होते आणि घरी म्हातारी वाट बघत होती. तिनं आमसुलं वगळली, खोबरं वगळलं, आणि बाकी सगळं नेहमीसारखं केलं. भाजी दिसायला तर तशीच झाली. म्हातारीनं किती दिवसांनी पान स्वतःहून पुढे ओढलं. पहिला घास तिनं डोळे मिटून घेतला.

आणि घशात जी खाज सुटली म्हणता! जीभ चरचरली, ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जेवायला आलेल्या कोल्ह्यानं हावरटासारखा मोठा घास घेतला होता. तो "आग, आग" करत ओढ्याकडे जो पळाला, तो त्या बिळाकडे परत फिरकला नाही. त्याचं जाऊ द्या. सायाळीचा जीव अडकला होता सासूपाशी. म्हातारी रागावली असती, दोन शब्द टाकून बोलली असती, तर बरं झालं असतं. पण तसं काही झालं नाही. पाणी प्याली, भिंतीकडे तोंड करून पडली आणि हळूच म्हणाली, "राहू दे गं. ती भाजी तिकडेच राहिली."

सायाळ चुलीपाशी बसून खूप रडली. रडून झाल्यावर मात्र आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःला तो प्रश्न विचारला, जो त्या घरात कोणी विचारत नसे. आमसूल भाजीत करत काय होतं? नुसतं चवीला असतं, तर चव कमी झाली असती. घसा का खाजावा? म्हणजे सुरणाची खाज मारायचं काम त्या आंबट सालींचं होतं. आणि खोबरं? ते फोडींना धरून ठेवत होतं, मिरचीचा तिखटपणा मऊ करत होतं. आमसूल नसेल, पण आंबट तर कुठं ना कुठं असेलच की!

ती बाहेर पडली. आता ती आमसूल शोधत नव्हती. माळाच्या टोकाला चिंचेच्या झाडावर एक खार बसली होती. चिंच कुरतडायची, डोळे घट्ट मिटायची, आणि पुन्हा कुरतडायची. सायाळीनं खालून विनवलं, तेव्हा खारीनं हसत हसत पिकलेल्या चिंचांचा सडा पाडला. जंगलाच्या कडेला भुईमुगाचं शेत होतं. काढणी झाली होती, तरी मातीत चुकार शेंगा राहिल्या होत्या. सायाळीनं त्या नखांनी उकरल्या, दाणे खमंग भाजले आणि दगडावर कुटले. या खेपेला मात्र घाई केली नाही. सुरणाची एक कच्ची फोड आधी स्वतःच्या जिभेला लावली. खाज सुटली. वर चिंचेचा कोळ चाटला, तशी हळूहळू उतरली. मग फोडी चिंचेच्या पाण्यात नीट शिजवल्या, वर खोबऱ्याच्या जागी कूट घातला, आणि पहिला घास स्वतः खाऊन थोडा वेळ वाट पाहिली. घसा शांत होता.

म्हातारी उठायला तयार नव्हती. सायाळीनं तिला टेकू देऊन बसवलं, आणि आपण आधी खाल्ली आहे, असं सांगून पान पुढे ठेवलं. म्हातारीनं भाजीचा तपकिरी रंग पाहिला, नाक मुरडलं, आणि अगदी एवढासा घास जिभेवर ठेवला.

"ही आपली भाजी नव्हे," ती म्हणाली.

सायाळीनं पान उचलायला हात पुढे केला. पण म्हातारीनं पान सारलं नाही. दुसरा घास घेतला. मग तिसरा. आणि खाता खाता तिला एकाएकी हसू आलं. तिनं सुनेला जे कधी सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. तिची स्वतःची सासू या भाजीत आमसूल घालतच नसे, बिंबलं, ती झाडाला लगडणारी आंबट फळं, घालत असे. बिंबलाचं झाड वठलं, त्या वर्षी नव्या सुनेनं, म्हणजे या म्हातारीनंच, गुपचूप आमसूल घातलं. तर सासू कित्येक दिवस तोंड फुगवून बसली होती. मग त्या सासूलाही तीच भाजी आवडायला लागली.

पान चाटूनपुसून स्वच्छ करत म्हातारी म्हणाली, "चिंच जास्त झालीय हो. उद्या करशील तेव्हा जरा बेतानं घाल."

सायाळीला त्यातला एकच शब्द ऐकू आला. उद्या. तिनं पान उचललं आणि डोळे पुसायला पाठ फिरवली.

तात्पर्य : आवडीच्या पदार्थात बदल करायला भिऊ नये, मात्र कोणता जिन्नस काय काम करतो, हे आधी जाणून घ्यावं. जिन्नस बदलला तरी चालतो, त्याचं काम कोणी तरी करायलाच हवं.