दूध आणि तूपआजी

फार वर्षांपूर्वी, भांडीकुंडी बोलायची त्या काळात, एका स्वयंपाकघराच्या खिडकीत दूध आणि तूप शेजारी राहत. तूपआजी उन्हात वितळायची, सावलीत पुन्हा थिजायची. दूध कौतुकानं बघायचं.

एका संध्याकाळी विरजणाचा चमचा दुधाकडे आला. दूध घाबरलं.

"आजी, तू वितळून पुन्हा थिजतेस, तसं मीही पुन्हा दूध होईन ना?"

"नाही रे बाळा. माझा तो रोजचा खेळ. विरजल्यावर मात्र मागं येता येत नाही."

"मग मला नकोच ते!"

"अरे वेड्या, मीसुद्धा एकदा दूधच होते की!"

दूध तिच्याकडे बघतच राहिलं. मग हळूच चमच्याला म्हणालं, "घाल तो थेंब."

सकाळी घट्ट दही विचारत होतं, "आजी, रवीनं गुदगुल्या होतात का गं?"