सोपानने तलाव दुरुस्त केला

एका गावात पोहण्याचा एक तलाव होता, आणि त्या तलावावर एक भोळा राखणदार होता. राखणदाराचं नाव सोपान.

तलाव गावातल्या हौशी लोकांनी जलानंद मंडळ काढून बांधला होता. त्याला बरीच वर्षं झाली. आता फरशा निघाल्या होत्या, शेवाळ धरलं होतं, आणि संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळपर्यंत निम्मं व्हायचं. मंडळ मात्र ठणठणीत होतं. दर आठवड्याला बैठक व्हायची आणि बैठकीत भजी व्हायची.

मंडळाचे अध्यक्ष माधवराव टोणपे. तलावाचं नूतनीकरण करायचं असं ठरल्याबरोबर त्यांनी सगळ्यात आधी कोनशिला कोरून घेतली. पांढरा संगमरवर, वर टोणपेसाहेबांचं नाव, खाली समितीची नावं, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात तलावाचं. तलाव काय, होतच राहील.

तलावाची खरी घाई एकाच माणसाला होती. गोदाक्काला. तिने गावातल्या निम्म्या पोरींना पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवलं होतं. आता तिचे गुडघे जमिनीवर तिचं ऐकत नसत. पाण्यात ऐकत. ती रोज काठी टेकत फाटकापाशी यायची आणि विचारायची,

"सोपान, पाणी कधी रं?"

"साहेब सांगतील तवा, आक्का."

सोपानचा एक मोठा गुण होता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. पुढचं सगळं रामायण या गुणापायीच झालं.

टोणपेसाहेब म्हणाले, "सोपान, कामाला सुरुवात करायची आहे. तलाव रिकामा कर."

सोपानने तलावामागच्या पाइपाची गंजकी चावी सगळी शक्ती लावून फिरवली. पाणी सुटलं. त्या दिवशी आठवडी बाजार होता. पाणी बाजारात गेलं. कांदे वाहिले, चपलावाल्याच्या सगळ्या चपला एकमेकींत मिसळल्या, आणि एका म्हाताऱ्याची कोंबडी टोपलीसकट मारुतीच्या देवळापर्यंत पोचली.

टोणपेसाहेब धावत आले. "अरे, असं एकदम सोडतात का? सोडायच्या आधी लोकांना सांगायचं असतं! दारोदार जायचं, ओरडून सांगायचं, मग सोडायचं."

"व्हय साहेब. आता ध्यानात राहील."

आणि राहिलं.

नंतर फरशा आणायच्या होत्या. टोणपेसाहेबांच्या मेहुण्याच्या गोदामात जुन्या, न खपलेल्या फरशा पडून होत्या. मंडळाने त्या नव्याच्या भावात घ्यायचं ठरवलं होतं. साहेबांनी सोपानला टेम्पो दिला आणि सांगितलं, "जा, गपचूप घेऊन ये."

सोपान फरशा घेऊन आला. टेम्पोचं मागचं फळकूट सोडायला त्याने हात घातला आणि त्याला आठवलं. सोडायच्या आधी सांगायचं असतं. मग तो दारोदार गेला.

"ऐका हो! टोणपेसाहेबांच्या मेव्हण्याच्या गोदामातल्या जुन्या फरशा आल्यात! आता टेम्पोचं फळकूट सोडतोय! पोरंबाळं सांभाळा!"

सगळं गाव फरशा बघायला आलं. मेहुणा मात्र आला नाही.

टोणपेसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, अशा गोष्टी गावाला दाखवायच्या असतात का? झाकून ठेवायच्या असतात. वरून सतरंजी टाकायची आणि गप्प बसायचं."

"व्हय साहेब. आता ध्यानात राहील."

त्या दिवसापासून मंडळाच्या बैठका आतून कुलूप लावून होऊ लागल्या. भजी आत घेतली की अध्यक्ष किल्ली फिरवायचे आणि खिशात टाकायचे.

पुढच्या आठवड्यात गवंड्याला तलावाच्या तळाला एक लांब चीर सापडली. त्याने तिच्याभोवती खडूने गोल काढला आणि सोपानला म्हणाला, "साहेब आले की एवढी दाखव."

सोपानने चिरेकडे बघितलं. गोष्ट चांगली दिसत नव्हती. त्याने बैठकीच्या खोलीतली सतरंजी आणली, चिरेवर अंथरली आणि वर मांडी घालून गप्प बसला.

नेमक्या त्याच दिवशी नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी बाई पाहणीला आल्या. जागा नगरपरिषदेची होती आणि बाई कमी बोलणाऱ्या होत्या. कोरड्या तलावाच्या मधोमध एक माणूस सतरंजीवर बसलेला बघून त्या खाली उतरल्या.

"इथे काय करताय?"

सोपान काही बोलला नाही. गप्प बसायचं असतं.

बाईंनी सतरंजीचं टोक उचललं. चीर बघितली. मग टोणपेसाहेबांकडे वळल्या. "अध्यक्ष, अक्षय्य तृतीयेला मी पुन्हा येईन. तलावात पाणी दिसलं पाहिजे आणि पाण्यात माणसं दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर जागा परत घेऊ आणि इथे दुकानांचे गाळे काढू."

फाटकाबाहेर गोदाक्का उभी होती. तिने ते सगळं ऐकलं. दुकानात कुठे पोहता येतं?

बाई गेल्यावर टोणपेसाहेबांचा आवाज अख्ख्या आळीने ऐकला. "अरे अकलेच्या कांद्या, चीर झाकायची नसते, भरायची असते! चीर दिसू दे, भोक दिसू दे, खाच दिसू दे, दिसली की सिमेंट भरायचं. वरून बोट फिरवलं तर बोटाला लागता कामा नये!"

"व्हय साहेब. आता ध्यानात राहील."

सोपानने घमेलं घेतलं, थापी घेतली आणि कामाला लागला. तळाची चीर भरली. तलावामागच्या पाइपाचं तोंड भरलं, कारण तेही भोकच होतं. न्हाणीघरातल्या फवाऱ्याची बारीक बारीक भोकं भरली. दानपेटीची फट भरली. असं भरत भरत तो बैठकीच्या खोलीपाशी आला. दाराच्या कुलपाला एक भोक होतं. तेही भरलं, आणि बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत.

आत बैठक चालू होती. बैठक संपली, भजी संपली, पण किल्ली काही आत जाईना.

शेवटी समिती खिडकीतून बाहेर पडली. बाकीचे निघाले, टोणपेसाहेब अडकले. अर्धे आत, अर्धे बाहेर. त्या अवस्थेतसुद्धा त्यांनी सोपानला शिकवायचं सोडलं नाही.

"भरण्याआधी हाक मारायची असते! आत कोणी आहे का, असं विचारायचं असतं!"

"व्हय साहेब. आता ध्यानात राहील."

दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप आलं. अध्यक्षांनी खिडकीतून बाहेर पडणं मंडळाला शोभत नाही, असा ठराव झाला आणि खिडकीला लोखंडी गज बसवण्यात आले.

पण एक नवल झालं. तलाव भरला आणि सकाळी बघावं तर पाणी जिथल्या तिथे. इतकी वर्षं पाणी जात होतं ते त्या गंजक्या पाइपातूनच, आणि आता त्याच्या तोंडात सिमेंटचा गोळा बसला होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सोपानच्या तर नाहीच. समितीने एकमताने समितीचं अभिनंदन केलं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी टोणपेसाहेबांनी सोपानला कोनशिलेपाशी नेलं. "ही पुसून चकचकीत कर. वर हा पडदा लाव. बाकी कशाला हात लावू नकोस."

सोपानचं आणि अक्षरांचं लहानपणापासून पटलं नव्हतं. त्याने दगड पुसला आणि त्याला वाईट वाटलं. एवढा महागाचा दगड, आणि कोणीतरी त्यावर वरपासून खालपर्यंत खाचा पाडून ठेवल्या होत्या. साहेबांना हे कळलं असतं तर त्यांना किती लागलं असतं!

पण आता तो शिकला होता. आधी त्याने दगडावर टकटक केलं आणि हाक मारली, "आत कोणी हाय का?"

दगडातून उत्तर आलं नाही.

मग त्याने फरशांच्या सांध्यांसाठी आणलेलं पांढरं सिमेंट कालवलं आणि एकेक खाच भरली. बोट फिरवलं. कुठे म्हणून लागत नव्हतं. त्याने पडदा लावला आणि समाधानाने घरी गेला.

अक्षय्य तृतीयेला मांडव उभा राहिला. सनई लागली, माईक लागला. सगळं गाव पंचे आणि टॉवेल घेऊन आलं. गोदाक्का पाठीला भोपळा बांधून काठावर बसली होती. तिला भोपळ्याची गरज नव्हती, पण पोरींना शिकवताना तो बांधायची सवय होती. तिचे पाय पाण्यापासून वीतभर वर होते. आधी कोनशिला, मग भाषणं, मग पाणी, असं साहेबांनी बजावलं होतं.

मुख्याधिकारी बाईंनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

दगड कोरा होता.

बाईंनी जवळ जाऊन बघितलं. "आवडली," त्या म्हणाल्या. "नाव नसलेली कोनशिला मी पहिल्यांदाच बघतेय."

टोणपेसाहेबांनी दोन्ही हात आडवे केले. "नावाशिवाय हे उद्घाटन झालं असं मानता येणार नाही! कोणी पाण्यात उतरायचं नाही! तलाव बंद!"

"साहेब, पाय तर बुडवू द्या," गोदाक्का म्हणाली. "उतारवयात किती वाट बघायची माणसानं?"

"बंद म्हणजे बंद."

बाईंनी घड्याळ बघितलं. "पाणी दिसलं. माणसं दिसली नाहीत. मी निघते." आणि त्या जीपकडे चालू लागल्या.

गोदाक्काने पदर डोळ्याला लावला. टोणपेसाहेबांना त्याचं काही नव्हतं. ते सोपानकडे वळले आणि दगडाकडे बोट दाखवून ओरडले, "काढ! जिथे जिथे सिमेंट भरलंस, तिथून तिथून काढ! आत्ताच्या आत्ता!"

"व्हय साहेब."

दगडापाशी फार गर्दी होती. म्हणून सोपान छिन्नी-हातोडा घेऊन आधी तलावामागच्या पाइपाकडे गेला. छिन्नी टेकवली, हातोडा उगारला, आणि त्याला आठवलं. सोडायच्या आधी लोकांना सांगायचं असतं.

दारोदार जायची आज गरज नव्हती. सगळं गाव मांडवात होतं आणि मांडवात माईक होता. सोपानने माईक हातात घेतला.

"ऐका हो! तलावाचं पाणी सोडतोय! थोड्या वेळात सगळं जाईल! बाजारातल्यांनी आपापलं सामान वर उचला!"

बाजारवाले उठले आणि सामान उचलायला पळाले. आणि गोदाक्का उठली.

"जाणार व्हय?" ती म्हणाली. "मग जायच्या आत."

आणि तिने भोपळ्यासकट सूर मारला.

मग कोण थांबतंय? टॉवेलवाले उतरले, पंचेवाले उतरले, ज्यांनी काही आणलं नव्हतं ते धोतरासकट उतरले. गोदाक्काने शिकवलेल्या पोरी आता लेकुरवाळ्या होत्या. त्यांनी पदर खोचले आणि पोरांना काखेत मारून उड्या घेतल्या. सनईवाला सनई वर धरून उतरला. एवढा आरडाओरडा झाला की मुख्याधिकारी बाई जीपमध्ये चढता चढता थांबल्या. परत आल्या. बघितलं. पाणी दिसत होतं, आणि माणसं इतकी दिसत होती की पाणी दिसेनासं झालं होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तलाव मंडळाकडेच राहू दे." आणि गेल्या.

मागे सोपानने हातोडा मारला.

पाणी हळूहळू उतरलं. लोक आधी पोहले, मग डुंबले, मग बसले, शेवटी ओल्या फरशीवर लोळले. संध्याकाळी तलाव कोरडा झाला. टोणपेसाहेब काठावर उभे होते.

"अरे मूर्खा, तलाव वाचला आणि तू पाणी घालवलंस! भोक भरायचं सोडून उघडलंस!"

सोपानला पहिल्यांदाच थोडा राग आला. "साहेब, तुमीच भर म्हणालात. तुमीच काढ म्हणालात. भरायचं का काढायचं, येकदा काय ते ठरवा."

प्रश्न मोठा होता. ठरवायला दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची बैठक बसली. भजी आत गेली. टोणपेसाहेबांनी आतून किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

गोदाक्का काठी टेकत फाटकापाशी आली. "सोपान, पाणी कधी रं?"

"समिती ठरवील तवा, आक्का. भरायचं का काढायचं."

गोदाक्काने बंद दाराकडे बघितलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता. वास भज्यांचा होता.

"मी सांगते," ती म्हणाली. "भर. सगळं भर. येक भोक म्हणून ठेवू नगंस."

सोपानला बरं वाटलं. कोणीतरी नीट सांगितलं होतं. त्याने घमेल्यात सिमेंट कालवलं, पाइपाचं तोंड भरलं आणि चांगलं ठोकून बसवलं. मग थापी घेऊन तो बैठकीच्या खोलीपाशी आला. नव्या कुलपालाही भोक होतं. पण आता तो शिकला होता. त्याने दारावर टकटक केलं.

"आत कोणी हाय का?"

"बैठक चालू आहे!" आतून टोणपेसाहेब ओरडले. "मध्ये बोलायचं नाही!"

विचारायचं असतं, ते विचारून झालं होतं. मध्ये बोलायचं नव्हतं. सोपानने कुलूप भरलं, बोट फिरवून बघितलं, आणि विहिरीवरचा पंप चालू करायला गेला.

तलाव आता चालू आहे. आतून मधूनमधून कोणीतरी दार वाजवतं, खिडकीच्या गजातून एखादा हातही बाहेर येतो. पण पोरींचा दंगा इतका असतो की ऐकू काही येत नाही. आणि सोपान काही बोलत नाही. बैठक चालू आहे.