मेपलचा पेला

एका राज्यात, जिथे अर्धं वर्ष बर्फ असे, डोंगरभर मेपलची झाडं होती. पंज्यासारखी त्यांची पानं थंडीच्या तोंडावर लालभडक होत. हिवाळा सरताना लोक खोडाला भोक पाडून गोड रस घेत आणि लाकडाची खुंटी ठोकून ते भोक बुजवत. तशी रीतच होती.

राजा धवलकीर्तीला रसाचा मोह पडला. त्यानं खुंट्या ठोकू दिल्या नाहीत. झाडं सुकू लागली. तेव्हा वनातली जोगीण दरबारात येऊन म्हणाली, "राजा, रस गळतो तसे तुझे शब्द गळतील. शेवटचा गेला, की तू लाकूड होशील."

राजाचे शब्द जाऊ लागले. आधी शिकारीचे, मग हुकमाचे. राजकन्या मृणालवती जोगिणीच्या दारी बसली. "उपाय सांगा, आई. त्याशिवाय मी उठणार नाही."

"सगळी भोकं बुजव. रसाचा पाक कर. तो पाजायला मेपलचाच पेला घडव. जिवंत झाडाला मात्र कुऱ्हाड लावायची नाही."

राजकन्येनं वाऱ्यानं पडलेल्या फांद्या वेचल्या. लाकूड इतकं कठीण, की सुऱ्या बोथट झाल्या, तळहात सोलले.

फांदीवरून सुतारपक्षी म्हणाला, "हे काम नाजूक बोटांचं नव्हे, राजकन्ये."

"मग चोच चालव. नुसता बोलतोस काय?"

पक्षी हसला आणि खुंट्या ठोकू लागला. झाडं सावरली. त्यांनी आपणहून रस दिला. हंडाभर रस आटवला, तेव्हा वाटीभर तांबूस पाक उरला.

पेला घडवताना मात्र तिनं घाई केली. तो तडकला.

"लाकूड ओलं आहे," पक्षी म्हणाला. "सावलीत वाळू दे."

"तातांचे शब्द थांबतात का?"

"मग फुटका पेला ने."

ती थांबली. इकडे राजा पाणी मागायचा शब्द विसरला. मग लेकीचं नाव विसरला. तरी तिनं ओल्या लाकडाला हात लावला नाही.

दुधासारखा पांढरा पेला घेऊन ती आली, तेव्हा राजाच्या बोटांवर साल चढली होती. एकच शब्द उरला होता आणि तो ओठांवर आला होता. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"तात, आधी प्या."

राजा प्याला. साल गळून पडली. एकेक करून शब्द परतले, लेकीचं नाव सर्वांत आधी.

"कोणता शब्द उरला होता?" तिनं विचारलं.

राजा ओशाळला. "आणखी."

पुढे डोंगर दरसाल लाल झाला, प्रजेला पुरेसा रस मिळाला. तो शब्द मात्र राजाच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही.