एका प्रश्नाला मूठभर शेंगा

“...ते सगळं राहू द्या अक्का, पण केळंच का? टेनिसवाले खुर्चीत बसले रे बसले की केळंच का सोलतात? पेरू का नाही खात?”

“पेरूची बी दातात अडकते,” हिराअक्का म्हणाल्या. “मग जीभ सगळा वेळ दातापाशी. बॉलकडं कोण बघणार?”

पायऱ्यांवर बसलेली मंडळी हसली. प्रश्न विचारणारे वाईचे शिंदेकाका सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि हसता हसताच त्यांनी ओंजळ पुढं केली.

अक्कांनी मांडीवरच्या सुपातून मूठभर पावट्याच्या शेंगा उचलल्या आणि त्या ओंजळीत टाकल्या.

हा इथला रिवाज. एके काळी देशोदेशीच्या कोर्टांवर खेळून आलेल्या हिराअक्का घोरपडे आता पाचगणीच्या उतारावर राहत. घराला लागूनच त्यांचं लाल मातीचं एक कोर्ट होतं. रविवारी सकाळी कुणीही यावं, टेनिसबद्दल काहीही विचारावं. फक्त एका प्रश्नाला मूठभर शेंगा सोलून द्यायच्या. अक्कांच्या घरची भाजी वर्षानुवर्षं चाहतेच निवडतात, असं गावात म्हणत.

शर्वरीच्या ओढणीत शेंगांचा ढीग झाला होता. सोललेली एकही नव्हती.

सोलणार कधी? तिची नजर तारेच्या कुंपणापलीकडं होती. तिथं तिची नऊ वर्षांची रेवा इथल्याच निलोफर नावाच्या मुलीशी खेळत होती. “रेवाला शिकवाल का?” असं विचारायला शर्वरी साताऱ्याहून पहाटे निघून आली होती. पण तोंड उघडायच्या आतच अक्का म्हणाल्या होत्या, “आधी खेळू दे. मग बघू.”

मग बघू म्हणजे हो की नाही, ते कळेना. पुन्हा विचारायची हिंमत होईना. म्हणून ती भलतंच काहीबाही विचारत बसली होती. रॅकेट जड पडतेय का हिला? सकाळी दूध द्यावं का? वेणी घट्ट घातली तर डोकं दुखून लक्ष जातं का?

अक्का एका शब्दात उत्तर देत आणि शेंगा देत.

आई झाल्यापासून शर्वरीला दोन गोष्टींची सवय झाली होती. काळजी करायची, आणि ती करत नाही असं दाखवायचं. दुसरी तिला बेताचीच जमे.

खाली कृष्णेचं खोरं धुक्यानं भरलं होतं. दूध उतू जायच्या आधी कडेकडेनं वर येतं, तसं ते धुकं उतारावरून हळूहळू वर चढत होतं...

“अक्का,” कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, “बॉल नेटच्या पट्टीला घासून पलीकडं पडला की खेळाडू हात वर करून माफी मागतात. ती खरी असते का हो?”

“पॉइंट परत दिलेला बघितलायस कधी?”

पुन्हा हशा. पुन्हा मूठभर शेंगा.

शर्वरीनं हाच मोका साधला. “अक्का... नजरेचं काही करता येतं का?”

“कुणाच्या?”

“रेवाच्या. गेल्या महिन्यात साताऱ्याला मॅच होती. अगदी शेवटचा पॉइंट. समोरच्या मुलीचा बॉल बाहेर पडला, चांगला वीतभर बाहेर. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. आणि ही ओरडली, ‘आत!’ तिथंच हरली.”

लहान मुलींच्या मॅचला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे जिचं तिनंच ओरडून सांगायचं, आणि समोरचीनं ते मानायचं.

“तू कुठं होतीस?” अक्कांनी विचारलं.

“कुंपणाच्या मागं. आत्ता बसलेय तशीच.”

“आणि ती?”

“ती... रेषेजवळ.”

अक्कांनी एक शेंग मोडली.

“डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं मी तिला,” शर्वरी घाईनं म्हणाली. “ते म्हणाले, मुलीची नजर घारीची आहे. वर मलाच विचारतात, तुम्ही तुमचे डोळे कधी तपासले होते?”

शिंदेकाका खो खो हसले. शर्वरीही हसली, जरा उशिरानं.

“पण आता सुधारलीय ती. आता धाडकन ओरडत नाही. आधी नीट बघते, मग सांगते.”

“कुठं बघते?”

हा काय प्रश्न झाला? शर्वरीला उलगडेना.

तेवढ्यात कोर्टावर बॉल पडला. टप. रेवाच्या बाजूला, रेषेच्या आसपास.

रेवानं मान वळवली. कुंपणाकडं, पायऱ्यांकडं, थेट आईच्या तोंडाकडं.

शर्वरीची हनुवटी जराशी हलली. कानाशी डास आल्यावर हलते ना, तेवढीच.

“बाहेर!” रेवा ओरडली.

शिंदेकाकांनी घसा खाकरला. शर्वरीनं उगाच एक शेंग हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत ओढणीत ठेवली. हनुवटीला कधीपासून ही सवय लागली, कोण जाणे.

“अक्का,” शिंदेकाकांनी विषय बदलला, “मॅचमध्ये अडचणीत आलात की तुम्ही कुणाकडं बघायच्या हो?”

“आईकडं.”

“त्या काही खुणा करायच्या?”

“छे. लोकर विणत बसायची. मान वर करायची नाही. टाका सुटतो म्हणायची.”

“राग नाही यायचा?”

“यायचा की! पण करते काय... बॉलकडं बघावं लागायचं.”

अक्कांनी मूठ भरली, काकांच्या ओंजळीत रिकामी केली.

आणि धुकं कुंपणापाशी येऊन पोचलं.

आधी तारा दिसेनाशा झाल्या. मग रेषा. मग नेटचा पांढरा पट्टा. मग रेवाची निळी टोपी तेवढी थोडा वेळ तरंगत राहिली... आणि तीही विरून गेली. पायऱ्यांपुढं आता नुसता पांढरा ओला गारवा होता. त्यात पावट्याचा उग्र वास मिसळलेला.

“थांबवा हो त्यांना,” शर्वरी म्हणाली. “काही दिसत नाहीये.”

“त्यांना विचार.”

विचारावं लागलंच नाही. “आम्हाला दिसतंय!” धुक्यातून निलोफर ओरडली. “मावशी, प्लीज, खेळू द्या ना!”

टप... टप... बॉलचा आवाज येत राहिला. कोण मारतंय, कुणीकडं पडतोय, काही पत्ता लागेना. दुपारी झोपेच्या काठावर असताना दूर कुणीतरी कपडे धोपटत असावं, तसा तो आवाज होता. मंडळींचे प्रश्न थांबले. शेंगा मोडल्याचे बारीक बारीक आवाज तेवढे होत राहिले.

टप.

“आत!”

रेवाचा आवाज. बॉल टेकतोय न टेकतोय तोच आलेला.

टप. “बाहेर!” टप. “आत, आत!”

शर्वरी ऐकत राहिली. आपल्याच पोरीचा आवाज, पण कुठल्या तरी लांबच्या गावाहून आल्यासारखा. असा आवाज तिनं शेवटचा कधी ऐकला होता? साताऱ्याला, त्या शेवटच्या पॉइंटला. घरी जाताना गाडीत तिनं रेवाला एवढंच विचारलं होतं, “बाहेर होता ना गं तो?” चढ्या आवाजात नव्हे, अगदी प्रेमानं.

त्यानंतर नव्हता ऐकला.

“हा पॉइंट मला मिळाला ना, की गेम माझा!” निलोफर ओरडली.

टप... टप... टप... बॉल इकडून तिकडं, तिकडून इकडं. संपेचना. शर्वरीचा श्वास त्याच्याबरोबर हेलकावत होता.

टप.

...

आवाज नाही. आत नाही, बाहेर नाही.

मग धुक्यातून हळूच, “आई?...”

शर्वरी ओढणीचा ओचा घट्ट धरून उठली आणि कुंपणापाशी गेली. तारांना बोटं लावली. तारा बर्फासारख्या गार होत्या. पलीकडं सगळं पांढरं. रेष नाही, बॉल नाही, पोर नाही. कशाचा म्हणजे कशाचा मागमूस नव्हता.

आणि तरी तिचं तोंड उघडलं होतं. जिभेवर शब्द येऊन बसला होता, “बा...”

तिनं ओठ मिटले.

काहीच न बघता हा शब्द आला कुठून? साताऱ्यालाही असाच आला होता का, तिथूनच?

मागं अक्कांच्या हातातली शेंग मोडल्याचा आवाज आला.

“मला नाही दिसलं गं,” शर्वरी म्हणाली. इतक्या बारीक आवाजात, की तो कुंपण ओलांडून गेला की नाही याचीच तिला शंका आली.

गेला असावा. कारण पलीकडं बुटांची पावलं वाजली. सावकाश. मग थांबली. मातीवर बॉलचा वण उमटतो, तो बघायला रेवा खाली वाकली असावी. किती तरी वेळ ती वाकलेलीच राहिली असावी...

“आत!” रेवा ओरडली. “आत होता. गेम तुझा! काय मारलास गं, कसला मारलास!”

निलोफरनं आनंदानं किंचाळी मारली, आणि दोघींचं खिदळणं धुक्यात मिसळून गेलं.

पुन्हा हरली. शर्वरीनं तारांवरची बोटं काढली. ती परत येऊन पायरीवर बसली.

तो खरंच आत होता का, हे विचारायचं होतं. तिनं ते गिळलं. बरंच मोठं होतं, गिळायला वेळ लागला.

मग ज्यासाठी आली होती ते विचारलं.

“अक्का, रेवाला घ्याल का शिकायला?”

पलीकडं पुन्हा टप टप सुरू झालं होतं. नवा गेम.

अक्कांनी सुपात हात घातला. मूठभर शेंगा उचलल्या. शर्वरीनं ओढणी पुढं केली. अक्कांनी त्या ओढणीतल्या ढिगाकडं बघितलं, मग शर्वरीकडं बघितलं, आणि हातातली मूठ परत सुपात सोडली.

“आधीच्या तर सोल,” अक्का म्हणाल्या. “दर रविवारी यायचंय तुला.”